आत्याचा उचललेला खांदा

आमची आत्या तिरंदाजी शिकवते आणि खडूस आहे. नवा विद्यार्थी आला की ती आधी त्याला भिंतीला टेकवते, हात पसरायला लावते आणि शिंप्याच्या टेपने मोजते. कुणी मोठ्या धनुष्याला हात घातला की ओरडते, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं हात पाहून धनुष्य घ्यावं!"

तरी तिचे सगळे विद्यार्थी नेम धरताना डावा खांदा कानापर्यंत उचलतात. मग पाठीत धपाटा बसतो. "कुणाचं बघून शिकता रे हे?"

शेवटी मीच वैतागून तिला भिंतीला टेकवलं आणि टेप लावली. तिचं स्वतःचं धनुष्य तिच्या मापापेक्षा चांगलं वीतभर मोठं निघालं, शिवाय भलतंच कडक. ते पेलायला ती जन्मभर खांदा उचलत आली होती, आणि पोरं तेच गिरवत होती.

"बदल गं आता हे," मी म्हटलं.

"मी बारा वर्षांची असताना बाबांनी दिलंय. म्हणाले, मोठी झालीस की बरोबर होईल." साठीची आत्या दोरीला मेण लावू लागली. "अजून कुठे झालेय मी मोठी?"