आमच्या दुकानातला एजंट

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. झेरॉक्सचं दुकान टाकलं की ते आपोआप गळ्यात पडतात. महाडच्या स्टँडजवळ आमचं दुकान आहे, मी आणि माझा पार्टनर संदेश. फॉर्म, फोटो, बॅनर, पत्रिका, सगळं करतो. कॉम्प्युटरवर आम्ही शॉर्टकट बनवून ठेवलेत, एक चालवला की एक काम आपोआप होतं. पूर्वी ते आम्ही चालवायचो, आता एआय एजंट चालवतो. आपण फक्त काम सांगायचं. कुठला शॉर्टकट कधी चालवायचा, हे त्याला प्रत्येकाखाली लिहिलेल्या वर्णनावरून कळतं.

आणि वर्णनं लिहायला बसला संदेश!

*

पहिल्याच आठवड्यात कापडे गावच्या एक काकी आल्या. नवरा वारला होता, त्याचा फोटो मोठा करून हवा होता. शॉर्टकटचं वर्णन होतं, ‘फोटोतले डाग काढतो.’ एजंटने काढले. काकींनी फ्रेम हातात घेऊन उजेडात धरली.

“ह्यो कोण? ह्यो माजा नवरा नाय.”

नवऱ्याच्या कपाळावर कोयत्याची जुनी खोक होती. एजंटने ती पुसून टाकली होती. मी खोकेसकट दुसरी प्रिंट काढून दिली तेव्हा कुठे काकी रडल्या. मला तर तोंड वर करायची लाज वाटली.

*

संदेशला लिहायचा कंटाळा. एका शॉर्टकटखाली त्याने नुसतं लिहिलं, ‘हे सगळं करतं.’ झालं! एजंट प्रत्येक कामाला तोच चालवायला लागला. उत्पन्नाचा दाखला मागा, नाहीतर साखरपुड्याचा बॅनर मागा, बाहेर पडायची ती शाळेच्या हजेरीची कोरी पानं. संदेशची बायको डबा द्यायला आली होती. तिने ते वर्णन वाचलं.

“लग्नाच्या बायोडाटातपण ह्यांनी हेच लिहिलं होतं!”

*

मग मी शिस्त लावली. प्रत्येक वर्णनात वाढवलं, ‘ज्यांच्या नावाचं काम आहे त्यांना विचारून करावे.’ दुसऱ्याच दिवशी पोलादपूरचा एकजण वडिलांच्या दहाव्याचं कार्ड छापायला आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. स्क्रीनवर एजंटचा प्रश्न आला, ‘आपल्या वडिलांची परवानगी घेतली आहे का?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र शांतपणे म्हणाला, “जिते होते तवा कधी घेतली नाय. आता कुठं इचारू?”

ती ओळ मी त्याच दिवशी काढून टाकली. तिच्या जागी एक ‘हो’चं बटण ठेवलं. एजंट काम दाखवणार, आपण वाचून ‘हो’ दाबायचं.

*

उमरठच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. निम्मी माणसं वाडीत, निम्मी मुंबईत. मयत झाली की मुंबईकर येईपर्यंत उचलत नाहीत, त्यामुळे निरोप लगेच जावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे शॉर्टकट होता. नाव घातलं की निधनाचा मेसेज वाडीच्या आणि मुंबईच्या सगळ्या फोनवर. संदेशने वर्णन लिहिलं होतं, ‘वाडीतल्या सर्वांना तातडीने कळवायचे असल्यास वापरावे.’

गेल्या पावसाळ्यात त्या वाडीचे तुकाराम तात्या दुकानात आले. घरामागे डोंगराला भेग पडली होती. “हात जातो रे आत! सगल्यांनी खाली शालेत जावा, असा सांगतोय. कोण ऐकत नाय. तुज्या मिशीनवरून सांग.”

मी टाईप केलं, ‘तुकाराम तात्यांचा निरोप, वाडीतल्या सर्वांना तातडीने कळव.’ समोर फॉर्मची रांग होती. न वाचता ‘हो’ दाबलं. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

तात्या वाडीवर पोचले तेव्हा त्यांच्याच अंगणात सगळी वाडी जमली होती. बाया रडत होत्या, बांबू तोडून आणले होते. मुंबईकरांच्या दोन गाड्या निघाल्या होत्या.

तात्या अंगणात उभे राहिले. “जिता सांगत होतो तवा कोण हलला नाय. आता मेलोय ना मी? मग मेलेल्याचा तरी ऐका, चला खाली!”

आणि सगळे खाली गेले! मुंबईकर आम्हाला फोनवर शिव्या घालत, हसत, अर्ध्या वाटेतून माघारी फिरले.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगर खाली आला. वाडीत माणूस नव्हतं. फक्त तात्या तेवढे वर गेले होते, म्हशीला वैरण टाकायला.

खालच्या गावातून एकजण निरोप घेऊन दुकानात आला. वाडीची रेंज गेली होती. मी एजंटला हात लावू दिला नाही. एकेक अक्षर स्वतः टाईप केलं, तीनदा वाचलं आणि पाठवलं.

पाच मिनिटांत तात्यांच्या मुलाचा मुंबईहून फोन आला. हसत होता.

“काय हो भाऊ, परत मारलात काय आमच्या बापाला?”