काकूंना अनोळखी लोकांशी खेळायचं होतं

हर्नडनच्या घरून कसिनोला निघताना, सीटबेल्ट लावता लावताच काकूंनी सांगून टाकलं, "हे बघ, मी मजा करायला चाललेली नाही. तिथे माझं डोकं नीट चाललं, तर मी माझ्या घरात राहणार. नाही चाललं, तर मुलाला हो म्हणणार."

मुलगा लांब, नोव्हाय नावाच्या बर्फाळ गावात राहतो. डॉक्टरांनी काकूंचं विसरणं वाढलंय म्हणून सांगितल्यापासून रोज त्याचा फोन यायचा, "मॉम, आमच्याकडे राहायला ये." रविवारपर्यंत उत्तर देते, असं काकूंनी त्याला कबूल केलं होतं, आणि आज शनिवार होता.

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. काकू गेल्या की माझं कामही गेलं. आठवीत शाळा सुटलेली मी, नणंदेनं कागदपत्रं केली म्हणून नवऱ्याबरोबर इकडे परदेशात आले. काकूंनी मला स्वयंपाकाला आणि सोबतीला ठेवलं. रिकाम्या पार्किंगमध्ये शेजारी बसून गाडी शिकवली. "अगं, ब्रेकशी तुझं काय वैर आहे? हळू दाब की!" दुकानात मान वर करून इंग्रजीत बोलायलाही त्यांनीच शिकवलं. त्यामुळे त्यांचं डोकं चालावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला सांगत होते, त्यात थोडं माझ्यासाठीही होतं.

पोकरही त्यांचंच. ऑफिसातल्या लोकांकडून त्या हा पत्त्यांचा खेळ शिकल्या आणि मला शिकवला. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडे, त्यातून आपले सगळ्यात चांगले पाच जमवायचे. भरवसा नसेल त्यानं पॅक करायचं, म्हणजे पत्ते टाकून द्यायचे. बाकी सगळ्यांनी पॅक केलं, तर उरलेला आपले पत्ते न दाखवता डाव घेतो. दुपारच्या चहानंतर आम्ही राजम्याच्या दाण्यांवर खेळायचो. शेवटी काकूंनी दाण्यांचा ढीग पुढे लोटला की मी पॅक करायचे. दाणे ओढून घेताना काकूंचा चेहरा असा खुलायचा की मलाच बरं वाटायचं.

"घरी सगळे माझे लाड करतात," गाडीत त्या म्हणाल्या. "तूसुद्धा. म्हणून जिथे माझी कोणाला कीव येणार नाही, तिथे बसायचंय."

कसिनो इतका नवा होता की गालिच्याला अजून डिंकाचा वास येत होता, आणि पोकरची खोली कुठे हे सांगताना तिथला माणूसच गोंधळला. दारावर काकूंकडे आयडी मागितला. "बाळा, माझ्या चपलासुद्धा तुझ्याहून वयानं मोठ्या असतील," त्या इंग्रजीत म्हणाल्या. तो हसला, पण आयडी बघितलाच.

नवं टेबल सुरू होत होतं, म्हणून आम्हा दोघींनाही जागा मिळाली. पत्ते वाटायला एक तरुण मुलगी होती. काकूंच्या शेजारी टोपी घातलेला एक दांडगा ट्रक ड्रायव्हर बसला होता.

सुरुवात छान झाली. काकूंनी एकदा त्या ड्रायव्हरसमोर अशी काही बोली वाढवली की त्यानं पत्ते फेकले. "शी इज डेंजरस," तो म्हणाला. काकू खूश. माझाही जीव भांड्यात पडला.

मग त्यांची टर्न आली आणि त्या नुसत्याच बसून राहिल्या. मी वाकून कुजबुजले, "काकू, तुमची टर्न."

"टेबलवर फक्त इंग्रजी, लेडीज," वाटणारी म्हणाली. "आणि एकमेकींना मदत नाही."

काकूंनी माझ्याकडे वळून बघितलं. "माईंड युअर ओन कार्ड्स."

"यस, मॅम!" असं माझ्या वतीनं ड्रायव्हरच म्हणाला, आणि सगळे हसले.

त्यानंतर थोड्या वेळानं तो डाव आला. मध्ये पंजी, छक्की, दुर्री आणि दोन राण्या. माझ्या हातात एक राणी, म्हणजे माझ्या तीन राण्या झाल्या. बाकीच्यांनी एकेक करून पॅक केलं. उरलो आम्ही दोघी. काकूंनी चिप्सचा मोठा ढीग पुढे सरकवला.

सवयीनं मी पॅक करायला पत्ते उचललेसुद्धा, आणि हात तिथेच थांबला. मी पॅक केलं, की काकू पत्ते दाखवणार नाहीत. डाव घेतील, उद्या मुलाला नाही म्हणतील, माझं काम राहील. आणि त्यांच्या हातात खरोखर काय होतं ते कोणालाच कळणार नाही, त्यांनासुद्धा. एवढ्या लांब त्या तेवढंच जाणून घ्यायला आल्या होत्या.

"कॉल," तेवढ्याच चिप्स पुढे सरकवत मी म्हणाले. आता पत्ते दाखवावेच लागणार होते.

काकूंनी अठ्ठी आणि नव्वी मांडली. "स्ट्रेट." म्हणजे पंजीपासून नव्वीपर्यंत ओळीनं पाच, माझ्या तीन राण्यांहून वरचढ.

वाटणारी मधल्या पत्त्यांकडे बघत राहिली. "सेव्हन कुठेय, मॅम?"

काकूंनी बोट ठेवलं. बोटाखाली राणी होती.

"सेव्हन मागच्या डावात होता," ती मुलगी अगदी हळू म्हणाली.

"माझं तर नेहमीच होतं असं," ड्रायव्हर म्हणाला.

"नाही होत तुझं," काकू त्याच्याकडे बघून हसल्या.

चिप्स माझ्यापुढे आल्या. मी हात लावेना. "घे गं," काकू म्हणाल्या. या वेळी मराठीबद्दल कोणी काही बोललं नाही.

बाहेरच्या सोफ्यावर आम्ही कॉफी घेऊन बसलो. "घरीही होत असेल हे," त्या म्हणाल्या.

"माहीत नाही, काकू. तुमचे पत्ते मी कधी बघितलेच नाहीत."

"बघणार कशी? पॅक करायचीस ना." आवाजात राग नव्हता. "आजही केलं असतंस, तर उद्या मी त्याला नाही म्हटलं असतं. आणि एखाद्या दिवशी गॅस चालू ठेवून झोपले असते."

गाडीतून त्यांनीच मुलाला फोन लावला. "येते मी. तुमच्याकडचा बर्फ वितळला की."

तिकडून मुलाचा लगेच प्रश्न, "हू टॉक्ड टू यू, मॉम?"

"कोणी नाही. माझ्याशी कोणीतरी नीट खेळलं."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्या कामाची काळजी करू नकोस, मी बोलते चार घरी. गाडी चालवते म्हटल्यावर लोक पळवून नेतील तुला. आणि रडायचं असेल तर आधी गाडी बाजूला घे."

मी घेतली.

बर्फ वितळेपर्यंत आम्ही रोज खेळलो. आता मी उगाच पॅक करत नव्हते. कधी समोर नसलेलाच पत्ता काकूंच्या हिशेबात यायचा, मी सांगायचे, त्या "हं" म्हणून पत्ते पिसायला घ्यायच्या. कधी मला शिव्याही घालायच्या. जायच्या आधी एका दुपारी त्यांनी सगळे दाणे पुढे लोटले. मी कॉल केलं. त्यांनी दोन्ही पत्ते मांडले आणि मधल्या तीन पत्त्यांवर सावकाश बोट ठेवत गेल्या.

"बघ नीट. पाचही आहेत ना?"

मी वाकून एकेक पत्ता बघितला. पाचही होते.