हिरव्या खडूची रेघ

लूम चालू असताना धुडकू सारखा मुतायला बाहेर जायचा. सुरतेतल्या उधन्याच्या त्या लूमखात्यात, यंत्रमागांच्या शेडमध्ये, त्याच्याइतका जुना कारीगर कोणी नव्हता. तरी मास्टर त्याच्या पाठीवर डोळे रोखून असायचा. बिडी मारायला जातो, दुसरं काय!

संध्याकाळी नवागामच्या खोलीवर आला की सरलाबाई दारातच नवऱ्याचं तोंड हुंगायची.

"लखनना बाप, खरं सांगा. दारूनी पोटली पी उनात ना?"

"तुनी आण, थेंब नही."

"मंग हाऊ गोड वास कसाना?"

धुडकू प्यायचा ते फक्त पाणी. हंडा हंडा. तरी जीभ कोरडीच. पायातली चप्पल वाटेत कुठे निसटली हेसुद्धा त्याला कळायचं नाही, आणि अनवाणी नवरा घरी आलेला बघून बाईचा संशय आणखी पक्का व्हायचा. दवाखान्याचं नाव काढलं तर धुडकूच उलटा भडकायचा. "डॉक्टर अन लॅबवाला, दोन्ही वाटेकरी शेतस. रगत काढतस अन मनमां ई तो रोग लिखी देतस."

त्याचा खरा संशय मात्र वाल्मिकवर होता. दोघं एकाच गावचे, एकाच लूमवरचे जोडीदार. दिवसपाळी धुडकूची, रातपाळी वाल्मिकची. पाळी बदलताना धुडकू कापडाच्या किनारीवर हिरव्या खडूनं रेघ ओढायचा. मीटर मोजायला यंत्र होतं, रेघ नुसती चूक कोणाची ते ठरवायला. रेघेआधीचं कापड धुडकूचं, पुढचं वाल्मिकचं. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला आणि वेळेवर गाठ मारली नाही, की कापडात उभी चीर पडते. हल्ली ताके चिरांनी भरलेले निघत, आणि चिरा धुडकूच्याच वाट्याला जास्त. "और एक ताका बिगड़ा तो लूम छोड़," असं मास्टरनं तोंडावर सांगितलं होतं.

अशात एका सकाळी वाल्मिकच्या गमछ्यावर त्याला हिरव्या खडूचा डाग दिसला. वाल्मिकचा खडू तर निळा! म्हणजे गडी आपली रेघ पुसतो, पुढे सरकवतो, आणि स्वतःचं पाप आपल्या माथी मारतो.

त्या संध्याकाळी धुडकूनं रेघेखाली, कापडाच्या उलट्या बाजूनं, लाल दोऱ्याचा एक टाका घातला. सुई ओवताना घाम फुटला. सुईचं भोकच मेलं जागेवर राहीना.

सकाळी ताका उतरला, टेबलावर पसरला. धुडकू मास्टरला ओढून घेऊन आला. "मास्टरजी, इसने मेरी लकीर सरकाई. लाल धागा ढूंढो!"

वाल्मिकचा चेहरा उतरला.

लाल टाका सापडला. हिरवी रेघ तिथं नव्हतीच. सरकली होती खरी, पण मागे, धुडकूच्याच कापडात. रेघ आणि टाका यांच्यामध्ये चिराच चिरा. धुडकूनं विणलेल्या, वाल्मिकनं स्वतःच्या नावावर घेतलेल्या.

"कसाले?" धुडकूनं विचारलं.

"दुपारनंतर तुले धागाच दिसत नही, भाऊ. तुले सांगतू तं तू मन्हावरच डाफरता. सगळ्या चिरा लेता येत नव्हत्या, मास्टरले वहीम येता. हात लाव, दख."

धुडकूनं चिरेवरून बोट फिरवलं. कापड आहे की पाणी, बोटाला काहीच पत्ता नव्हता.

मास्टर वाल्मिककडे वळला. "निशान बदलना चोरी है. तू भी निकल."

"नहीं मास्टरजी," धुडकू मध्ये पडला. "लकीर मैंने ही पीछे डाली थी. नज़र कमजोर है मेरी."

मास्टरला ते पटलं नाही, पण रातपाळीला दुसरा माणूस कुठून आणायचा? वाल्मिक राहिला. धुडकूच्या लूमवर दुसरा कारीगर उभा राहिला.

वाल्मिक झोपायला न जाता धुडकूला दवाखान्यात घेऊन गेला. नर्सनं बोट टोचलं, पट्टीवर थेंब घेतला, यंत्राकडे बघून भुवया चढवल्या. "शुगर खूप आहे, काका. डोळे, पाय, सगळं दाखवावं लागेल. आधी का नाही आलात?"

"तुम्ही टोचलंच कुठे? हे रगत कोणाचं?"

नर्स हसली. धुडकू हसला नाही. तो वाल्मिककडे वळला.

"हाई रगत मनंच शे का रे?"

"तुनंच शे, भाऊ. मी दखं ना."

धुडकूनं बोटावरचा थेंब पुसला.

"मंग रोग लिखा म्हना त्यासले," तो म्हणाला.