चौकडीचा कोट

शिलाईच्या दुकानात कटिंग करणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून बाई असूनही त्या सगळ्यांच्या मास्तरच. गिऱ्हाईक एकदा नजरेखालून गेलं की मापं पाठ. मग स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो सगळं निभावलं, केसही परत आले. डोकं मात्र ताळ्यावर येईना. कामावर रुजू झाल्या त्याच आठवड्यात एका शर्टाच्या दोन्ही बाह्या त्यांनी डाव्याच कापल्या. मालकांनी पदरचं कापड घालून तो शर्ट दुसऱ्याकडून कापून घेतला, तेच जास्त लागलं.

"औषधांनी होतं असं बऱ्याच जणांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हळूहळू निवळतं. तोवर रोज घाम फुटेस्तोवर चाला. मेंदूलाही ते मानवतं."

"विसरतंय डोकं आणि शिक्षा पायांना!" मास्तर घरी येऊन करवादल्या.

धाकटी नणंद शाळेत खेळ शिकवायची. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती बूट घेऊन दारात. "उठा वहिनी. डोकं काय अधांतरी तरंगतं? पायांवरच उभंय ना?"

गल्लीच्या टोकालाच मास्तरांची दमछाक झाली. "अगं, जीव घेतेस का माझा?"

"बोलताय ना? म्हणजे दम आहे अजून."

काही सकाळी अंगात त्राण नसे. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मग नणंद शेजारी बसून राही आणि संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत का होईना, नेऊन आणी. होता होता टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत मजल गेली. आधी झोप सुधारली. मग एकदा चढावर एका जुन्या गिऱ्हाइकाची छाती, खांदा, बाही अशी मापं मास्तरांच्या तोंडून आपसूक घडाघडा बाहेर पडली. त्या तरातरा पुढेच निघाल्या.

"वहिनी, हळू!" मागून धापा टाकत हाक आली. "मला गाठू तरी द्या!"

त्याच सुमारास मोठ्या चौकडीचं कोटाचं कापड आलं. बेताचंच होतं, चुकायला जागा नव्हती. मालक ते दुसरीकडे पाठवायला निघाले, तेवढ्यात मास्तरांनी कापडावर हात ठेवला.

"इकडे द्या."

मालक घुटमळले, पण त्यांनी कापड सोडलं. मास्तरांनी खडूने आखलं, एकदा ताडून पाहिलं आणि कात्री चालवली. कोट शिवून दुकानातल्या पुतळ्यावर चढला तेव्हा खिशावरची रेघ खिशाखाली, खांद्यावरची बाहीवर, कुठे न तुटता सरळ उतरली होती. मालकांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं.

"खिसा कुठे जोडलाय, दाखवा बघू," मास्तर म्हणाल्या.

मालक कोटाभोवती फिरतच राहिले.

"शोधा सावकाश," त्या खळखळून हसल्या. "तोवर मी पुढचं कापड घेते."