कोऱ्या कागदाभोवतीची बैठक

माझं डोकं तापट, हे चांद्याच्या सगळ्या मोटारअड्ड्याला ठाऊक होतं. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पाच वर्षं क्लीनर म्हणून चाकं धुतल्यावर मला लॉरी चालवायचं लायसन मिळालं होतं. ते मी बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवायचो. इतकं जपलं, पण कधी धड वाचलं नाही.

सावली गावाकडून बांबू भरायचा आणि चांद्याला आणायचा, हे माझं काम. वाटेत जंगलातल्या गावांची माणसं हात दाखवायची आणि टोपल्यांसकट बांबूवर चढून बसायची. हे चालत नाही असं कुणी कुणी म्हणायचं, पण सगळेच बसवायचे. मीही बसवायचो.

त्या सकाळी पाच जण बसले होते. त्यांत चारोळीची टोपली घेतलेली एक वयस्कर गोंड बाई होती. नाक्यावर पोलीस जमादारानं लॉरी अडवली. मी गाडी नीट बाजूला घेतली, एवढंच काय ते शहाणपण केलं. मग उडी मारून खाली आलो आणि आवाज चढवला. त्यानं लायसन मागितलं. मी दिलं. ते त्यानं सरळ खिशात घातलं, तशी माझी सगळी हवा गेली. लायसन गेलं की मालक दुसऱ्याला गाडी देणार आणि मी पुन्हा फडकं घेऊन चाकांपाशी.

जमादार काही राक्षस नव्हता. ऊन तापलं होतं आणि त्याला लिहायचा कंटाळा आला होता. त्यानं बॉनेटवर एक कोरा कागद ठेवला. "इथी सही कर. मी मंग भरतो. नाई तं बस दिवसभर."

मी पेन हातात घेतलं. वळून बघतो तर पाचही जण उतरून रस्त्यावर आमच्याभोवती गोल करून बसलेले. त्यांच्या गावात काही तंटा झाला की सगळा गाव असा बसतो. गोष्ट मोठ्यानं बोलली जाते, सगळे ऐकतात, सगळे 'होय' म्हणतात, तेव्हा कुठं ती पक्की होते. इथंही तेच चाललंय अशी त्यांची समजूत. जमादारासाठी त्यांनी लॉरीच्या सावलीत जागासुद्धा सोडली होती.

बाईनं जमादाराला विचारलं, "भाऊ, काय लिवलं त्यात? वाचून दाखव."

"काई नाई लिवलं अजून."

"मंग तो कायची सही करून राह्यला?"

जमादार उखडला. "तू मले कायदा शिकवतं का?"

"नाई जी. सगळ्याइनं आयकल्याबिगर बात पक्की नाई होत. तू बोल, आमी आयकतो."

कुणी उठेना. मागं दोन बैलगाड्या थांबल्या, तर त्यांचे गाडीवानही येऊन बसले. मी पेन खाली ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. शेवटी जमादारालाच हसू आलं. तो लिहायला बसला आणि लिहिलेलं त्यानं वाचून दाखवलं. बांबूच्या लॉरीवर पाच माणसं बसवली, लायसन जमा केलं. खरंच होतं. सगळे 'होय' म्हणाले आणि मी सही केली.

"त्याचा कागद तू ठेवला," बाई म्हणाली, "मंग त्याच्या हाती काय?"

जमादारानं तिच्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं पावती लिहून दिली. लायसन घेतलं तर पावती द्यावी लागते, हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. कोर्टाची तारीख येईपर्यंत मी त्याच पावतीवर गाडी चालवली.

कोर्टात मी चूक कबूल केली, दंड भरला आणि लायसन परत मिळालं. बाहेर पायरीवर दुसरा एक ड्रायव्हर डोकं धरून बसला होता. त्यानंही कुठंतरी कोऱ्या कागदावर सही केली होती. त्यावर नंतर 'दारू पिऊन गाडी चालवली' असं भरलं गेलं. हा माणूस दारूला शिवतही नसे. त्याचं लायसन गेलं ते गेलंच. मी त्याच्या शेजारीच बसलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी रस्त्यात लॉरी थांबवून त्या बाईची वाट बघितली. आली तशी पाया पडलो. "बाई, तुझ्यामुळं माझी भाकर वाचली," म्हटलं. आजही मी तेच म्हणतो. चार बुकं शिकलेला मी न वाचता सही करायला निघालो होतो, आणि अक्षर न येणाऱ्या बाईनं मला वाचायला लावलं. हे उपकार फिटण्यासारखे नाहीत.

तिनं लायसन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. "वाच."

मी नाव वाचलं, गाव वाचलं.

"अन् मांगून?"

मागं बारीक अक्षरांत नियम छापले होते. एकेक वाचत गेलो आणि एका ओळीवर अडखळलो. मालाच्या गाडीवर माणसं बसवू नयेत.

"मंग आमाले काऊन बसवलं, भाऊ?"

बाई खळखळून हसली. मूठभर चारोळी तिनं माझ्या खिशात टाकली, टोपली डोक्यावर घेतली आणि पायीच बाजाराला निघाली.