घरभरणीची गाय

लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि गावातल्या पानवाल्यापासून सगळ्यांची मान ताठ झाली. माझी जरा जास्तच झाली. मी तेव्हा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. तसा आदल्या दिवशीही हेडक्लार्कच होतो, पण उस्मानाबादच्या हाताखालचा. आता जिल्ह्याच्या ठिकाणचा. घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिनं विचारलं, पगार वाढला का? म्हटलं, मान वाढला. ती म्हणाली, मग आज भाजी मानावरच आणा.

आमच्या साहेबांचं थंड हवेच्या गावी एक जुनं घर होतं. ते सुट्टीला तिथं जायचे आणि सोमवारी कचेरीत आल्यावर तिथल्या हवेबद्दल बोलायचे. सगळे माना डोलवत ऐकायचे. मलाही सोमवारी हवेबद्दल बोलायचं होतं. दुखणं एवढंच होतं, दुसरं काही नाही.

घर आयतंच समोर आलं. माझ्या सासऱ्यांचं शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यात किराण्याचं दुकान होतं. जिल्हा झाला, वर दुष्काळ पडला, गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांनी दुकान उचलून लातूरला आणलं. मागे राहिलं ते तीन खणांचं माळवदाचं घर. वाडाबिडा काही नव्हे. दगडमातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचं छत. मागची भिंत बसलेली होती. सासरे म्हणाले, पडायच्या आधी विकून टाका. मी म्हणालो, विकायचं कशाला, मी दर शनिवार-रविवार जाऊन दुरुस्त करतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि चहा मागवला.

तर सगळा मुलूख बोचकं बांधून लातूरकडे निघाला होता आणि मी एकटा एसटीत बसून उलट्या दिशेला. शनिवारी ऑफिस सुटलं की बायकोला घेऊन निघायचं, फाट्यावर उतरायचं, धुरळ्यातून पायी जायचं. पहिल्याच शनिवारी मी जाहीर केलं की मागच्या भिंतीत मोठी खिडकी पाहिजे, तिच्यातून शेतं दिसली पाहिजेत. गवंडी मूळचा मुखेडकडचा, लग्नानंतर इथंच राहिलेला. तो म्हणाला, "साहेब, शेतात बघायला काय हाय आता?" खरंच काही नव्हतं. काळी भेगाळलेली जमीन, एक बाभळ, आणि बाभळीच्या अलीकडे गावाचा उकिरडा. पण मी नकाशा काढून आणला होता, आणि नकाशात उकिरडा नव्हता.

गवंडी मात्र चलाख. पहिल्या दोन आठवड्यांतच भिंत कमरेएवढी आणली. चिखल कालवायलासुद्धा पाणी नव्हतं. टँकर यायचा तो पिण्यापुरता. पण बायकोला सगळी आळी लेक मानायची, म्हणून बायका भांडी घासलेलं पाणी आमच्यासाठी पत्र्याच्या टिपात ओतून ठेवायच्या. म्हटलं, महिनाभरात घर उभं. तेव्हा बायकोनं घरभरणीचा विषय काढला.

आम्हा लिंगायतांत नव्या घरात, किंवा एवढं नवं केलेल्या घरात, माणसाच्या आधी गाय जाते. गाय आणि तिचं वासरू. दोघांना कुंकू लावायचं, उंबऱ्यातून आत न्यायचं, मग जंगमांची पाद्यपूजा, मग जेवणं. बायको म्हणाली, गाय याच गावची पाहिजे, बाहेरची चालणार नाही. मी म्हटलं, त्यात काय, बघू एखादी. बघायला गेलो तर गावात गायच नाही. चारा संपला तशी कुणी छावणीत नेऊन बांधली, कुणी विकून टाकली. उरली होती ती शेजारच्या अव्वाची.

अव्वा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी विधवा म्हातारी. मूल नाही, बाळ नाही. एक देवणी गाय, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आणि तिची कालवड. अव्वा गाईशी दिवसभर बोलायची, माणसांशी कामापुरतं. त्या मंगळवारी ती दोघींना हाळीच्या जनावरांच्या बाजारात नेणार होती, आणि दुष्काळात बाजारात गेलेली गाय कुणाच्या हाती पडते ते सगळ्यांना ठाऊक होतं. आळीनं तिला कडबा देऊ केला होता. तिनं तो परत केला होता. "फुकटचा कडबा माझी गाय खात न्हाई," एवढंच म्हणाली होती.

मग मी शहाणपण पाजळलं. म्हटलं, "अव्वा, ही गाय माझ्या घरभरणीला लागणार आहे. कामाची गाय आहे. घरभरणी होईपर्यंत ठेवा, तोवर कडबा माझा. ती गाईची मजुरी समजा."

अव्वानं बराच विचार केला. "घरभरणी होस्तोर," म्हणाली.

"होईपर्यंत."

"मंग ठीक हाय, जावाईबापू. झाली की म्या नेणार."

मी खूश. गाय मिळाली, तीही रीतसर. पुढच्या शनिवारपासून एसटीच्या टपावर कडब्याच्या पेंढ्या चढवायला लागलो. जिल्ह्याच्या ठिकाणचा हेडक्लार्क, पांढरा सदरा, अन् फाट्यावर उतरल्यावर डोक्यावर कडबा. सोमवारी कचेरीत हवेबद्दल बोलायला जायचो तर कॉलरमधून धाटं निघायची.

आणि तिथून काम थांबलं.

आधी वाटलं, गवंडी आळशी झाला. गेलो की भिंत मागच्या शनिवारी होती तेवढीच. का, तर माती मुरली नाही. पुढच्या खेपेला, ओळंबा हरवला. त्याच्या पुढच्या खेपेला, अमावस्या. मी ओरडलो की हा खाली मान घालून म्हणायचा, "व्हय साहेब, चुकलंच." इतका नम्र गवंडी मी जन्मात पाहिला नव्हता. एकदा तर भिंतीतली देवळी त्यानं बाहेरच्या अंगाला काढली. देव बाहेर ठेवायचे का म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. त्यानं ती बुजवली आणि आतून काढली, तर बायकोला ती फार खाली वाटली. वर केली तर फार वर वाटली.

मी नोकरीत एवढ्या फायली मार्गी लावलेला माणूस. इथं एक भिंत वर जाईना. कामाचा तक्ता करून दाराला लावला. गवंड्याला समोर बसवून वाचून दाखवला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि "लई झ्याक लिवलंय" म्हणाला. पुढच्या शनिवारी तक्ता गाईनं खाल्ला होता. अव्वा म्हणाली, "कागद बी चारा हाय तिला." बायको पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, बिचारीला वाईट वाटलं.

सासरे लातुरात रोज विचारायचे, झालं का घर? मी म्हणायचो, होत आलं. शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं. साहेबांनी एकदा कौतुकानं विचारलं, काय हो, कुठवर आलं तुमचं घर? म्हटलं, साहेब, हवा फार छान आहे.

असे महिने गेले. कालवड मोठी व्हायला लागली. जंगमस्वामी एकदा येऊन बघून गेले आणि म्हणाले, लवकर उरका, नाहीतर वासरू कोणतं आणि गाय कोणती ते मला विचारून घ्यावं लागेल. ते ऐकून माझं डोकं फिरलं. ठरवलं, आता उभं राहून काम करून घ्यायचं. आळीत कुणाच्या तरी नातीचं बारसं होतं, म्हणून त्या खेपेला बायको एक दिवस आधी, शुक्रवारीच गेली होती. मी शनिवारी रजा टाकली आणि कुणाला न सांगता सकाळच्या गाडीनं गेलो. गवंडी काम करत नसेल तर त्याला रंगेहाथ पकडायचं होतं.

गवंडी काम करत होता.

मागच्या बाजूनं, उकिरड्याच्या ढिगाआडून गेलो, म्हणून कुणाला दिसलो नाही. गवंडी भिंतीवर बसून एकेक दगड उपसत होता आणि खाली ठेवत होता. नीट, रांगेत, पुन्हा लावायला सोपे जातील असे. खाली माझी बायको बसली होती. ती त्याला सांगत होती, "त्या कोपऱ्यातले काढा. खिडकीजवळचे नको, तिकडं त्यांचं लक्ष असतं."

गवंडी म्हणाला, "साहेब लई वरडतेत, अक्का."

"ओरडू द्या. ओरडून दमले की जेवतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथं भिंतीवरून उडी मारून दोघांना धरणार होतो. तेवढ्यात पलीकडे बसलेल्या अव्वाचा आवाज आला. गाईच्या अंगावरच्या गोचिड्या काढत ती म्हणत होती, "बाई, पुरं कर आता. किती दिवस त्या माणसाला असं नाचवायचं. होऊं दे त्यांचं घर. म्या नेते हिला."

गवंड्याचा हात थांबला. अव्वानं कालवडीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही.

मी उकिरड्यावरच उभा. म्हणजे गवंड्याला ठाऊक, बायकोला ठाऊक, अव्वाला ठाऊक. टिपात पाणी ओतणाऱ्या बायकांनाही नक्कीच ठाऊक. घरभरणी झाली की गाय बाजारात जाणार, हे मीच ठरवून दिलेलं, मीच कबूल केलेलं, आणि ते एकट्या मला कळलं नव्हतं. माती मुरत नव्हती, ओळंबा हरवत होता, देव बाहेरून आत येत होते, आणि मी मूर्ख घसा कोरडा करून ओरडत होतो. फार लाज वाटली. बायकोनं मला विश्वासात घेतलं नाही याचा राग आला. आणि मग तिथंच, एवढा मोठा माणूस असून, मला रडू फुटलं. ती म्हातारी फुकटचा कडबा घेणार नव्हती. तिची गाय जगायची तर माझं घर अर्धवट राहायला पाहिजे होतं, आणि एवढे दिवस ते सगळ्यांनी मिळून अर्धवट ठेवलं होतं.

मी मागं फिरलो, लांबचा वळसा घेतला आणि पुढच्या दारानं खाकरत आत आलो. तिघंही दचकली. गवंडी खाली उतरून उभा राहिला.

"त्या कोपऱ्याला काय झालं?" मी विचारलं.

"घुशी लागल्या, साहेब."

"घुशी," मी म्हणालो.

"व्हय. लई माजल्यात."

बायको जमिनीकडे बघत होती. मी भिंतीजवळ गेलो. पाठीमागं हात बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. भिंत दोरी लावल्यासारखी सरळ होती. इतकी चांगली भिंत त्या आळीत दुसरी नव्हती. मी खिशातून पेन्सिल काढली, दगडांच्या फटीत घातली, मान हलवली.

"नुसता कोपरा नाही," मी म्हणालो. "सगळी भिंतच वाकडी आहे. अशा भिंतीच्या घरात मी राहायला येणार नाही. पाडा ही. पायापासून."

गवंड्यानं ओळंबा काढला. तो हरवला नव्हता, कमरेलाच होता. त्यानं तो भिंतीला लावला, एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"वाकडीच हाय, साहेब," तो म्हणाला. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

बायकोनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिनं असं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग उठली आणि चहा टाकायला गेली.

अव्वा मात्र बसून होती. भिंतीकडे बघितलं, मग उकिरड्याच्या वाटेकडे, मग माझ्या पायांकडे. माझ्या चपलांना काय लागलं होतं ते मला तेव्हाच कळलं. ती उठली. गाईचं दावं सोडलं, पलीकडच्या सावलीत नेऊन पुन्हा बांधलं, गाठ नीट आवळली.

"जावाईबापू," ती म्हणाली, "तुमच्या हातून हे घर काय पुरं व्हत न्हाई."

"न्हाई व्हत, अव्वा," मी म्हणालो आणि सदऱ्याच्या बाह्या वर करून पहिला दगड काढला.