कॅरिअरचं वजन

दामिनीचा उजवा गुडघा फक्त कामाच्या रस्त्यावर दुखायचा. हे ती ज्याला सांगे, तो हसे. कामावर जाताना कोणाचं दुखत नाही? असं खुद्द नवराच म्हणाला, तेव्हापासून तिनं सांगणं सोडलं. पण बाई खोटं बोलत नव्हती. रविवारी बाजारातून भाजीच्या दोन पिशव्या सायकलच्या हँडलला लटकवून आली तरी गुडघा गप्प. सोमवारी खुर्सीपार वस्तीचा हातपंप ओलांडला की वाटीखाली कळ सुरू. रस्ता सपाट, तरी सायकल चढावर असल्यासारखी ओढावी लागे.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हाड ठीक आहे म्हणाले आणि सायकल सोडायला सांगितली. सांगायला काय जातं! दामिनी स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे सफाईला होती. पहिल्या पाळीच्या वेळेला तिकडे ऑटो मिळत नाही. सायकल सुटली की काम सुटलं, आणि घरी दोन मुली शिकत होत्या.

याच रस्त्यानं कित्येक वर्षं मनकर्णा तिच्यामागे बसून यायची. मनकर्णा अंगानं भरलेली आणि तोंडानं त्याहून. हातपंपाशी उडी मारून कॅरिअरवर बसायची आणि प्लांटच्या गेटपर्यंत अख्ख्या वस्तीची खबर द्यायची. गेटच्या आत डबल सीट चालत नसे, म्हणून दामिनी अलीकडच्या चहाच्या टपरीशी थांबे. मनकर्णा उतरून सीटवर दोन थापा मारी, "उतरली वो!" म्हणे, मगच दामिनी पुढे जाई.

दिवाळीनंतर मनकर्णा तापानं गेली. त्यानंतर दामिनी टपरीशी थांबलीच नाही. चहावाला मनकर्णाबद्दल विचारेल आणि आपल्याला रडू फुटेल, या धास्तीनं ती मान खाली घालून थेट आत शिरायची.

होळीच्या सुमारास एका संध्याकाळी तिनं सायकल राजकुमार मिस्त्रीकडे नेली. त्यानं चाक फिरवलं, चेन पाहिली, मग कॅरिअरवरून हात फिरवला.

"डबल सीट कोनाले घेऊन जाऊन राहिली वो ताई?"

"कोनालेच नाही."

"मंग हे कावून वाकलं? मागच्याच महिन्यात तर मी नवं बसवलं होतं."

कॅरिअरच्या पट्ट्या मधोमध खोल गेल्या होत्या. दामिनीनं हात लावला. लोखंड कोमट होतं. ऊन तर कधीच उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी हातपंपाशी तिनं नेहमीसारखा वेग कमी केला. तिथं कोणी नव्हतं. तरी सीटची स्प्रिंग कुरकुरली, मागचं चाक दबलं आणि गुडघ्यात कळ आली. मागे वळून पाहायची हिंमत तिला झाली नाही. ती पाय मारत राहिली. अर्ध्या वाटेत तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण थांबत नाही. मग ती उतरणार कशी?

टपरीशी तिनं ब्रेक दाबला. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले.

"मनकर्णा," ती पुटपुटली, "गेट आलं बाई. उतर."

टपरीवर चहा उकळत होता. मग सायकल मागून उचलल्यासारखी हलकी झाली. सीटवर, तिच्या पाठीला लागून, दोन थापा बसल्या.

दामिनी आत गेली तेव्हा पॅडल आपसूक फिरत होतं.

संध्याकाळी सुटल्यावर ती पुन्हा टपरीशी थांबली. हँडल घट्ट धरलं, मागे कोणी बसताना धरतात तसं. बराच वेळ तशीच उभी राहिली.

"किसकी राह देख रही हो, दीदी?" चहावाल्यानं विचारलं.

"किसी की नहीं," दामिनी म्हणाली आणि निघाली.

सायकल हलकीच राहिली. हातपंप आला आणि गेला. घरी पोचल्यावर ती पायरीवर बसली, पाय लांब केला आणि अंगठ्यानं गुडघ्याची वाटी दाबून पाहू लागली. इथे दाबलं, तिथे दाबलं, जोर लावून दाबलं. कुठेच दुखेना.